मिलिमीटर अण्णा

निपाणीच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात अण्णा कधी ‘अर्धा चहा’ मागत नाहीत. ‘अर्धा म्हणजे कशाचा अर्धा?’ असं त्यांनी एकदा तिथल्या पोऱ्याला विचारलं होतं. पोऱ्या उत्तर शोधत उभा राहिला आणि चार गिऱ्हाइकांचा चहा निवला. तेव्हापासून अण्णा दिसले की मालक न विचारता नव्वद मिलिलिटर पाठवतो आणि पाठवताना ओरडतो, “मिलिमीटरला एक!” मिलिमीटरनं लांबी मोजतात, चहा नव्हे, हे अण्णांनी त्याला दोनदा समजावून पाहिलं. पण नाव पडलं ते पडलं.

अण्णांच्या मते त्यांच्या स्वभावाला त्यांचं जन्मसाल जबाबदार आहे. ते जन्मले १९५६च्या ऑक्टोबरात, मुंबई राज्यात. बाराव्या दिवशी बारसं झालं ते म्हैसूर राज्यात, कारण मधे १ नोव्हेंबर आला आणि पाळणा जागचा न हलता राज्य बदललं. बाळानं मान सावरायच्या आत, त्याच वर्षाच्या डिसेंबरात, वजनमापांचा कायदा झाला. शेर, मण, पायली, वीत, हात या सगळ्यांना निरोप आणि मीटर-किलोग्रॅमला पाट मांडून स्वागत. “एका सालात दोन गोष्टी झाल्या तम्मा,” अण्णा मला सांगतात. (तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. मी पन्नाशीला आलोय, पण अण्णांचा तम्माच आहे.) “राज्यांची मापं बदलली, त्याचं भांडण अजून चाललंय. किलोची मापं बदलली, त्याचं भांडण कुणाला आठवतंय काय?”

त्यांच्या घरातली आज्जी मात्र मरेपर्यंत जोंधळा पायलीनंच मोजत होती, हे ते सांगत नाहीत.

अण्णा बंगळूरला विमानांच्या आरेखनात होते. कुठल्या कार्यालयात, ते विचारलं की ते आधी मागं वळून बघतात. निवृत्त होऊन निपाणीला परतल्यालाही आता बरीच वर्षं झाली, पण गुपित अजून ताजं आहे. एवढं मात्र खुलं आहे की ते स्वतः विमानाचा एकही भाग आखत नव्हते. पंखवाले पंख आखायचे, इंजिनवाले इंजिन बघायचे, कुणी वजन काढायचं, कुणी वाऱ्याचा हिशेब, कुणी इंधनाचा. या सगळ्यांच्या मधे बसून एकाचे आकडे दुसऱ्याला कळतील असे करून देणं हे अण्णांचं काम. म्हणजे विमानाचे दुभाषी. घरी लग्नाच्या बैठकीत मधला माणूस असतो ना, दोन्हीकडून शिव्या खाणारा, तोच.

“बाहेरच्या माणसाला वाटतं, विमान अडतं ते इंजिनात,” अण्णांचं ठरलेलं वाक्य. “विमान अडतं अक्षात.” आणि मग टेबलावर बोटानं चहाच्या थेंबाचं विमान काढतात. सांगाडा आखणारे म्हणायचे, एक्स अक्ष नाकाकडून शेपटीकडे, झेड वर. उड्डाण-नियंत्रणवाले म्हणायचे, एक्स शेपटीकडून नाकाकडे, झेड खाली. दोघंही शंभर टक्के बरोबर, दोघांचीही पुस्तकं साक्षीला. एकाचं पुढे ते दुसऱ्याचं मागे, एकाचं वर ते दुसऱ्याचं खाली. “वाय तेवढा दोघांचाही उजव्या पंखाकडं. वाय म्हणजे आमचा सख्खा भाऊ,” असं म्हणताना अण्णांचा गळा खरोखर दाटतो.

निवृत्तीच्या काही वर्षं आधी त्यांना सीपॅक्सचा नाद लागला. पूर्ण नाव, कॉमन पॅरामेट्रिक एअरक्राफ्ट कॉन्फिगरेशन स्किमा. जर्मन लोकांच्या डीएलआर या हवाई-अंतराळ संशोधन संस्थेनं २००५ साली हे काम हाती घेतलं. कल्पना ऐकायला सोपी आहे. विमान अजून कागदावरही धड उतरलेलं नसतं, तेव्हा त्याच्याबद्दल जे जे माहीत आहे ते सगळं एकाच फाइलीत, झाडासारखं फांद्याफांद्यांनी लिहायचं. पंख कुठे, पंखाचे छेद किती, इंजिन कुठलं, वजन किती, जायचं कुठवर. माप ठरलेलं, मीटर आणि किलोग्रॅम. अक्ष ठरलेला, एक्स शेपटीकडे. ज्यानं त्यानं आपापला प्रोग्रॅम वापरावा, पण आत घेताना आणि बाहेर देताना याच भाषेत.

“दहा प्रोग्रॅम एकमेकांशी थेट बोलायचे म्हटले तर दुभाषे किती लागतील? नव्वद. मधे एक भाषा ठेवली तर? वीस. एक जायचा, एक यायचा. सत्तर माणसं मोकळी झाली की!” इथं हॉटेलातला एखादा हमखास विचारतो, त्या सत्तरांच्या नोकरीचं काय झालं. अण्णा त्याच्याकडं दुर्लक्ष करतात.

काकूंना बरेच दिवस वाटत होतं की ‘स्किमा’ म्हणजे पैसे दामदुप्पट करून देणारी स्कीम. निपाणीत अशा स्कीमांनी पुष्कळांचे हात पोळले आहेत, त्यामुळं रात्री बारापर्यंत स्किमात डोकं घालून बसलेला नवरा बघून त्यांनी गुपचूप पासबुक माहेरी नेऊन ठेवलं होतं.

अण्णांची आवडती कथा ए३८०ची. ती ते सत्यनारायणाच्या पोथीसारखी सांगतात, साधुवाण्याच्या जागी एअरबस. जगातलं सगळ्यात मोठं प्रवासी विमान. तुकडे चार देशांत बनणार, जुळणी फ्रान्सात, तुलूझला. त्या एका विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायर. “इथनं बेळगाव, बेळगावहून हुबळी, आणि तिथनं बंगळूरच्या थोडं अलीकडंपर्यंत वायर ओढत ने, एवढी.” हॅम्बुर्गचे लोक आरेखनाला कॅटिया या प्रोग्रॅमची जुनी चौथी आवृत्ती वापरत होते, तुलूझचे नवी पाचवी. संगणकावर सगळं छान बसलं. प्रत्यक्ष विमानात वायरींचे जुडगे आखूड पडले, वळणांवर बसेनात. २००६ साली ही गोष्ट जाहीर झाली, कारभारी बदलले, आणि पहिलं विमान सिंगापूर एअरलाइन्सला मिळालं ते २००७च्या ऑक्टोबरात, ठरल्यापेक्षा दीड-दोन वर्षं उशिरा. “दोघांकडं एकाच कंपनीचा प्रोग्रॅम होता, हे ध्यानात घे,” अण्णा बोट वर करतात. “मराठी-कन्नड नव्हे. बेळगावची मराठी आणि कोल्हापूरची मराठी!”

आता मी स्वतः बेळगावला उद्यमबागेत दोन मशीनची जॉबवर्कची शेड चालवतो, त्यामुळं अण्णांचा जोर माझ्यावर जास्त. शनिवारी मी निपाणीला आलो की ते विचारणार, “या आठवड्यात भंगार किती?” एकदा खरं सांगितलं आणि फसलो. एका गिऱ्हाइकाच्या कामात बारा नग वाया गेले होते. भिंतीवर लावलेल्या ड्रॉइंगवर ‘रेव्ह बी’, मशीनमध्ये चढवलेला प्रोग्रॅम ‘रेव्ह ए’चा. भोक दीड मिलिमीटर सरकलेलं. अण्णा सोमवारी पहिल्या एसटीनं शेडवर हजर! ऑपरेटरला खुर्चीवर बसवून त्यांनी दीड तास समजावलं की मशीनमध्ये राहिलेला जुना प्रोग्रॅम म्हणजे शिळी भाकरी. मग माझ्याकडं वळले. “तुझ्याकडं येणारी ती स्टेप फाईल आहे ना, तिचं प्रमाण १९९४ सालचं, आयएसओ १०३०३. चांगली आहे. पण ती पोरगं जन्मल्यावरचं वर्णन करते, हात एवढा, पाय एवढा. सीपॅक्स पोटात असल्यापासनं बोलतं.” ऑपरेटर, बिचारा, नुकताच बाप झाला होता, त्याला तेवढंच नीट समजलं.

एसटीनं निपाणीहून बेळगावला येताना तवंदीचा घाट लागला की स्तवनिधीच्या देवाला लोक हात जोडतात. अण्णा तेव्हा झोपलेले असतात. संकेश्वर गेलं की जागे होतात आणि हत्तरगी आलं की टोपी काढून हात जोडतात. हत्तरगीला हायवेजवळ विमानाच्या भागांसाठीचं विशेष आर्थिक क्षेत्र आहे; फोर्जिंग, कातकाम, पृष्ठभागावरची प्रक्रिया, जोडणी, सगळं एकाच कुंपणात. एअरबस आणि बोइंगच्या विमानांचे भाग तिथून जातात. हुक्केरी तालुक्यातल्या पोरांनी घासूनपुसून पाठवलेला तुकडा तिकडच्या तुकड्याला बिनचूक बसतो, आणि मधे कुणी कुणाला फोन करून ‘जरा ढिलं ठेवा’ म्हणत नाही, याचं अण्णांना इतकं अप्रूप आहे की एकदा त्यांनी कंडक्टरला गाडी थांबवायला सांगितली होती. कंडक्टरला वाटलं, म्हाताऱ्याला उलटी होतेय.

नावांच्या बाबतीत मात्र अण्णांनी एकदा थोडक्यात मार चुकवला. सीपॅक्समध्ये प्रत्येक तुकड्याला एक नाव असतं आणि एक युआयडी. नाव माणसांना वाचायला. जोडाजोडी सगळी युआयडीवर. तो साऱ्या फाइलीत एकदाच यायचा, आणि नाव कितीदाही बदला, फाईल मोडत नाही. हे तत्त्व अण्णांनी चहाच्या टेबलावर सीमाप्रश्नाला लावलं. एका बाजूला सीमाचळवळीत आयुष्य घालवलेले एक गुरुजी, दुसऱ्या बाजूला कन्नड संघटनेचा एक तरुण. विषय नेहमीचाच, पाटीवर काय लिहायचं, बेळगाव की बेळगावी. अण्णा मधे पडले. म्हणाले, “नावावर कशाला भांडता? २०१४ साली सरकारनं बेळगावी केलं, बरोबर? सांबऱ्याच्या विमानतळाचा कोड काय होता आधी? आयएक्सजी. नंतर? आयएक्सजी! विमान चुकलं काय? पिन कोड ५९०००१, बदलला काय? युआयडी धरून ठेवा, नाव ज्याला जे पाहिजे ते म्हणू दे.”

क्षणभर शांतता. मग गुरुजी म्हणाले, “म्हणजे आमच्या आईला आम्ही नंबरानं हाक मारायची?” आणि तो तरुण कन्नडमध्ये तेच म्हणाला, अगदी शब्दाला शब्द. इतक्या वर्षांत त्या दोघांचं प्रथमच एकमत झालं होतं आणि ते अण्णांच्या विरुद्ध होतं. अण्णा नव्वद मिलिलिटर अर्धवट टाकून घरी आले.

मला यात अण्णांची एक गंमत नेहमी वाटत आली आहे. एक भाषा, एक माप म्हणून जगाच्या मागं लागलेला हा माणूस स्वतः एका वाक्यात तीन भाषा बोलतो. दूधवाल्याशी कन्नड, काकूंशी मराठी, स्वतःशी इंग्रजी. आणि कुत्र्याशी हिंदी, का ते कुत्र्यालाच माहीत. इकडच्या जनावरांच्या बाजारात विकणारा एका भाषेतला, घेणारा दुसऱ्या भाषेतला. पण टॉवेलाखाली हात घालून बोटं दाबली की भाव ठरतो आणि शेजारच्याला पत्ता लागत नाही. मी अण्णांना म्हटलं, हेच तुमचं सीपॅक्स. ते विचारात पडले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, “बरोबर आहे, पण आवृत्ती लिहिलेली नसते.”

मागल्या वैशाखात त्यांच्या पुतण्याच्या मुलीचं लग्न निघालं आणि सगळी व्यवस्था अण्णांनी मागून घेतली. घरच्यांनी दिली, ही घरच्यांची चूक. मुलगी निपाणीची, मुलगा बेळगावचा, निम्मी मंडळी कोल्हापूरकडची. आचारी संकेश्वरचा, कन्नड बोलणारा. मंडपवाला, जनरेटरवाला, बँड, फोटोवाला, बसवाला, भटजी. सात जण. अण्णांनी लगेच हिशेब केला, थेट बोलणी केली तर बेचाळीस दुभाषे, मधे वही ठेवली तर चौदा.

वही म्हणजे लाल कापडाच्या बांधणीची जाड चोपडी, किराणा दुकानात असते तशी. पहिल्या पानावर ‘आवृत्ती १.०’. प्रत्येकाला फांदी. कुणीही कुणाला तोंडी काही सांगायचं नाही. वहीत लिहायचं आणि वहीतून वाचायचं. आचारी माणसं ‘पानां’त मोजायचा, बसवाला ‘सीटां’त, मंडपवाला ‘खुर्च्यां’त. अण्णांनी सगळ्यांची ‘डोकी’ केली. शेवटी प्रत्येकाला एक खासगी पान ठेवलं, त्यात त्यानं स्वतःचं हवं ते लिहावं, इतरांनी बघू नये. सीपॅक्समध्येही अशी एक फांदी असते, ज्या त्या प्रोग्रॅमच्या स्वतःच्या सामानाची. आचाऱ्याच्या खासगी पानावर पुढं फक्त उचल घेतलेल्या पैशांचा हिशेब आणि एका पैलवानाचं चित्र सापडलं.

आणि खरं सांगायचं तर वहीनं काम केलं. वरपक्षाकडून शंभर माणसं वाढल्याचा निरोप आला तेव्हा अण्णांनी सगळ्यांना वहीभोवती बसवलं. शंभर डोकी वाढली, म्हणजे आचाऱ्याला दोन भट्ट्या जास्त. भट्ट्यांना जागा, म्हणून मंडप मागं सरकवा. मंडप वाढला की दिवे-पंखे वाढले, जनरेटर मोठा. मोठ्या जनरेटरचा आवाज मोठा, मग मंगलाष्टकं ऐकू येणार नाहीत, अशी भटजींची हरकत. जनरेटर लांब न्या. लांब नेला तर वायर वाढली आणि ती नेमकी बस वळायच्या जागेतून. बसवाला उठून उभा राहिला. “बघ!” अण्णा मला कानात म्हणाले. “पंख लांब केला की वजन वाढतं. वजन वाढलं की इंधन वाढतं. इंधन वाढलं की पंख परत लांब. असं फिरत फिरत एका जागी येऊन थांबतं, तेव्हा विमान होतं.” चार फेऱ्यांनंतर ते खरंच थांबलं. जनरेटर मागच्या चिंचेखाली गेला आणि सगळ्यांनी सह्या केल्या.

भटजींवर अण्णा विशेष खूश. सगळ्यांत तेच एक मिनिटाच्या भाषेत बोलत होते, मुहूर्त बारा वाजून चौतीस मिनिटं. अण्णांनी लिहून घेतलं आणि सवयीनं विचारलं, “टॉलरन्स किती?”

“तासभर,” भटजी म्हणाले.

लग्नाच्या दिवशी सगळं घड्याळासारखं चाललं होतं. जेवण वेळेवर, पंखे गार, बस वळल्या. दुपारी तीनच्या सुमारास वरबाप घाम पुसत आला. त्याच्या पिशवीत वधूपक्षाचे आहेर होते.

झालं होतं असं. आहेर घ्यायला दोन टेबलं, एक वरपक्षाचं, एक वधूपक्षाचं. वहीत अण्णांच्या सुवाच्य अक्षरात, ‘वरपक्ष: डावीकडे. वधूपक्ष: उजवीकडे.’ मंडपवाल्यानं गेटातून आत शिरताना डावं ते डावं धरून पाट्या लावल्या. पाकिटं घ्यायला बसायची ती दोन पोरं आधीपासून स्टेजवर उभी होती. त्यांनी तिथून डावं बघितलं. पाटी वरपक्षाची, पोरगं वधूपक्षाचं, आणि उलट. लोकांनी पाटी वाचून पाकिटं दिली.

अण्णांचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. त्यांनी पत्रिकांच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात प्रत्येक घराला नंबर घातला होता ना! “युआयडी बघा,” ते म्हणाले. पाकिटं उघडली. एकावरही नंबर नव्हता. ‘सप्रेम भेट, पाटील परिवार’ अशी सतरा पाकिटं निघाली. सतरा पाटील आणि एकालाही युआयडी नाही.

तेव्हा काकू पदर खोचून सतरंजीवर बसल्या. चष्माही लावला नाही. “हे एकशे एकचं अक्कोळच्या पाटलाचं, त्याच्या पोराला आपण एकशे एकच घातले होते. हे पाचशेचं बेळगावचं, त्यांच्याकडं टाका. हे एक्कावन्नचं... हे मागल्या गल्लीतलं, बघा की, नोटसुद्धा फाटकी दिलीय.” पाऊण तासात पाकिटं वेगळी झाली. वरबापानं ताळा केला. एकाचीही चूक नव्हती.

रात्री मी अण्णांच्या शेजारी बसलो होतो. ते गप्प होते. काकू भांडी आवरता आवरता म्हणाल्या, “डावीकडं म्हणजे कुणाच्या डावीकडं, ते लिहिलासा काय वहीत?”

“डावं म्हणजे डावं,” अण्णा पुटपुटले. “विमानात पायलटच्या डावीकडं ते डावं. सगळ्यांना ठाऊक असतं.”

“आणि हितं पायलट कोण हुता?”

अण्णा उठले, कंदिलासारखा मोबाईल धरून वही उघडली आणि पहिल्या पानावर १.० खोडून १.१ केलं. खाली लिहिलं, ‘डावे-उजवे: स्टेजवर बसलेल्या नवरदेवाच्या.’ मग थोडं थांबून कंसात, ‘नवरदेव गेटाकडे तोंड करून बसला आहे असे धरून.’

दोन आठवड्यांनी त्यांच्या अंगणात बसलो असताना फोन वाजला. संकेश्वरचा आचारी. पुढच्या आठवड्यात गोकाकला मोठं लग्न होतं, मंडपवाला नवा, जनरेटरवाला अनोळखी. पलीकडून मोठ्यानं आवाज आला, “अण्णा, आ वही कळिस्री!” ती वही पाठवा, म्हणे.

अण्णांनी फोन कानाला घट्ट लावला, पाठ सरळ केली.

“कुठली आवृत्ती पाहिजे?”